नाशिकला इंजिनिअरिंग करतोय. प्रोग्रॅमिंग भाषेचं स्पेसिफिकेशन, म्हणजे तिचे सगळे नियम सांगणारा अधिकृत दस्तऐवज, मुळातून वाचणं जमेल का, की पानं बघूनच सोडून द्यावं?
जमेल, पण भाषा निवडून. स्कीम नावाच्या भाषेचं स्पेसिफिकेशन, म्हणजे 1998 चा आर5आरएस अहवाल, जेमतेम 50 पानांचा आहे. नाशिक रोडला पंचवटी एक्सप्रेसमध्ये बसलास तर मुंबई येईपर्यंत पहिलं वाचन होतं. त्यातला फॉर्मल सिमँटिक्सचा, म्हणजे भाषेचा अर्थ गणिती चिन्हांत मांडणारा, भाग मात्र खुशाल सोड, तो पहिल्या फेरीत कळत नाही.

सी++17 चं, म्हणजे सी++ भाषेच्या 2017 च्या आवृत्तीचं, स्टँडर्ड 1600 पानांच्या आसपास जातं, पण निम्म्याहून जास्त पानं लायब्ररीची, म्हणजे भाषेसोबत मिळणाऱ्या तयार कोडची. ते स्टँडर्ड कंपायलर (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) लिहिणाऱ्यांसाठी आहे. अडलं की तेवढंच कलम उघडायचं.

माझ्या मते सर्वांत वाचनीय स्पेसिफिकेशन गो भाषेचं: एकच वेबपान, सोपं इंग्रजी, व्याकरणाच्या नियमाशेजारीच उदाहरणं. कॉलेज रोडला माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी आधी तेच वाचायला लावतो.