चीनमधल्या सांस्कृतिक क्रांतीत (माओंच्या १९६६-७६ च्या राजकीय मोहिमेत) छायाचित्रकार ली झेनशेंग यांच्या फोटोंच्या निगेटिव्ह वाचल्या कशा?

घरातल्या लाकडी जमिनीखाली लपवल्या म्हणून. ली हे ईशान्य चीनमधल्या हार्बिन शहरातल्या 'हेइलोंगजियांग डेली' या वर्तमानपत्राचे छायाचित्रकार. दंडावर लाल पट्टी (क्रांतीच्या बाजूचे असल्याची खूण) असल्याने त्यांना जाहीर सभांमध्ये बिनधास्त फोटो काढता येत. वर्तमानपत्रात मात्र घोषणा देणारा उत्साही जमावच छापला जाई. गळ्यात पाट्या अडकवून वाकवलेले अधिकारी, हार्बिनच्या जिले या बौद्ध मंदिरातले अपमानित भिक्षू, हे फोटो 'नकारात्मक' ठरत आणि नष्ट होण्याचा धोका असे. म्हणून ली तेवढ्या फ्रेम कापून पाकिटात वेगळ्या ठेवत. आधी कार्यालयातल्या टेबलात, मग १९६८ मध्ये घरच्या जमिनीची फळी करवतीने कापून त्याखाली. हीच दूरदृष्टी मोलाची ठरली, कारण १९६९ मध्ये त्यांनाच श्रमशिबिरात धाडलं गेलं. ठेवा सुमारे ३०,००० निगेटिव्हचा. या फोटोंचं पुस्तक २००३ मध्ये आलं.