मध्ययुगीन तुरुंगांत नक्की कोण असायचे?

मध्ययुगीन तुरुंगांत कोण असायचे, असे विचारताना बहुतेकांच्या मनात दोन समजुती असतात. एक, मध्ययुगात कैद ही शिक्षाच नव्हती, खटला लागेपर्यंत माणूस धरून ठेवायचा, मग फटके नाहीतर फाशी. दोन, आत गेलेला माणूस जगाला कायमचा अंतरायचा. पहिलीला निदान आधार आहे. तुरुंग माणसाला अडकवण्यासाठी असतो, शिक्षेसाठी नव्हे, असे रोमन कायदेपंडित उल्पियन सांगून गेला होता आणि पुढे कित्येक शतके त्याचा दाखला दिला जायचा. पण १२९८ मध्ये पोप आठव्या बोनिफेसने धर्मगुरूंना शिक्षा म्हणून कैदेत ठेवायला उघड परवानगी दिली, आणि त्याच सुमारास इटलीतली शहरे मुद्दाम तुरुंग बांधू लागली होती. दुसरी समजूत मात्र सिनेमांनी करून दिलेली आहे.

फ्लॉरेन्सचेच बघा. १३०० च्या आसपास तिथे सांता क्रोचे चर्चजवळ 'स्तिन्के' नावाचा तुरुंग उभा राहिला. भिंती उंच, बाहेरच्या बाजूला खिडकी नाही. पण जागा ऐन वस्तीत, नगरसभेच्या वाड्यापासून पाच-दहा मिनिटांच्या अंतरावर. बायकांचा विभाग वेगळा, बड्या घराण्यांतल्या कैद्यांचा वेगळा. आतली गर्दी मुख्यतः खुनी-दरोडेखोरांची नव्हतीच, ती होती कर्ज बुडवलेल्यांची आणि दंड न भरू शकलेल्यांची. शहराचा इतिहास लिहिणारा जोव्हान्नी व्हिल्लानी त्याची पेढी बुडाल्यावर इथेच येऊन पडला. पुढच्या शतकात जोव्हान्नी काव्हाल्कान्ती कर थकल्यामुळे अनेक वर्षे आत होता, आणि त्याने फ्लॉरेन्सचा इतिहास तिथेच बसून लिहायला घेतला. म्हणजे कागद, शाई आणि बाहेरच्या बातम्या आत पोचत होत्या!

पोचणारच. कैद्याच्या पोटापाण्याची जबाबदारी बव्हंशी त्याच्या घरच्यांवर असे. आत जाताना पैसे द्या, सुटताना पुन्हा द्या, बरी जागा हवी तर आणखी. ज्यांचे कोणी नाही ते लोकांच्या दानधर्मावर जगत. मोठ्या सणांना काही गरीब कैद्यांना मिरवणुकीने संत जॉनच्या बाप्तिस्मागृहात नेत, देवाला अर्पण करत आणि सोडून देत. यात भक्ती होतीच, पण माझ्या मते हिशेबही होता: ज्याच्याकडून दमडी वसूल होणार नाही त्याला ठेवून शहराला काय मिळणार? शहरात दंगल उसळली की लोकांचा मोर्चा या दाराकडे वळे. १३४३ मध्ये, तेव्हा फ्लॉरेन्सवर राज्य करणाऱ्या 'अथेन्सच्या ड्यूक'विरुद्ध उठाव झाला तेव्हा जमावाने स्तिन्के फोडून कैदी मोकळे केले.

सगळे सुसह्य होते असा अर्थ मात्र काढू नका. लंडनमध्ये फ्लीट तुरुंगाच्या प्रमुखाचे पद वंशपरंपरागत होते, म्हणजे कैदी हे घराण्याचे उत्पन्नच. पैसे घेऊन कर्जदारांना बाहेर फिरू दिले जाते अशा तक्रारी इतक्या वाढल्या की १३७७ मध्ये पार्लमेंटला ते कायद्याने बंद करावे लागले. लंडनचाच न्यूगेट तुरुंग हे त्याचे दुसरे टोक, तिथे माणसे मरत.

ही दोन्ही टोके, पैशाने मिळणारी सवलत आणि जीवघेणी कोठडी, एकत्र दिसतात १४१९ मध्ये. लंडनच्या नागरिक-कर्जदारांसाठी लडगेट हा तुलनेने बरा तुरुंग होता. लोक कर्ज फेडण्याऐवजी तिथे आरामात राहतात, असे म्हणून शहराने जूनमध्ये तो बंद केला आणि कैदी न्यूगेटला हलवले. तिथल्या कुबट, दूषित हवेत त्यांतले बरेच जण मेले. नोव्हेंबरमध्ये, रिचर्ड व्हिटिंग्टन महापौर असताना, लडगेट पुन्हा उघडावा लागला. न्यूगेट नव्याने बांधला गेला तो त्याच व्हिटिंग्टनच्या मृत्यूनंतर, त्याने मागे ठेवलेल्या पैशातून.