खुब्याचं दुखणं कागदावर येऊ द्या

पत्र : माझा लहान भाऊ बावीस वर्षांचा आहे. त्याला सिकलसेल आहे, ‘एसएस’ (आईवडील दोघांकडूनही सिकलसेलचं जनुक आलेला प्रकार). थंडी पडली की हातपाय, पाठ असह्य दुखते. कॅज्युअल्टीत नेलं तर ‘याला इंजेक्शनची सवय लागलीय’ असं ऐकून घ्यावं लागतं. वर्षभरापासून डावा खुबा दुखतोय, लंगडतो. एमपीएससीची तयारी करतोय. आईला भीती वाटते की गोळ्यांचं व्यसन लागेल. दिव्यांग प्रमाणपत्र मिळेल का?
– एक ताई, उत्तर नागपूर

ताई, तुमचा भाऊ नाटक करत नाही. विळ्यासारख्या वाकलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, पुढच्या हाडाला प्राणवायू मिळत नाही, म्हणून ही कळ येते. ती बाहेरून दिसत नाही आणि रक्ताच्या एखाद्या रिपोर्टातही धड उमटत नाही. म्हणून त्याच्या खिशात एक कागद हवाच. नेहमीच्या डॉक्टरांकडून तो लेटरहेडवर लिहून घ्या : निदान आणि एचपीएलसी (सिकलसेल ठरवणारी रक्ततपासणी) रिपोर्टची तारीख, वजन, ॲलर्जी, एरवीचं हिमोग्लोबिन, आणि क्रायसिसमध्ये, म्हणजे अशी तीव्र कळ आल्यावर, कोणत्या औषधाच्या किती डोसने आराम पडतो ते. खाली सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. एरवीचं हिमोग्लोबिन का? त्याचं नेहमीच ८ असेल, तर अनोळखी डॉक्टर ८ बघून विनाकारण रक्त चढवायची घाई करू शकतो. वेदनाशामकाचा पहिला डोस आल्यापासून तासाभरात मिळावा आणि दर अर्ध्या-एक तासाने दुखणं पुन्हा तपासावं, असं सिकलसेलच्या उपचारांचं मार्गदर्शन सांगतं. तेव्हा भांडू नका, पण ‘पुन्हा किती वाजता बघाल?’ हे नक्की विचारा.

घरी कळ सुरू झाली की तासाला पेलाभर पाणी, गरम शेक आणि पॅरासिटामॉल. वजन ५० किलोच्या वर असेल तर एका वेळी १ ग्रॅमपर्यंत, दोन डोसांत सहा तास, दिवसाला ४ ग्रॅमच्या वर कधीच नाही. लिव्हरचा त्रास असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच. इथेच गफलत होते : ट्रॅमाडॉल किंवा ॲसेक्लोफेनॅक या वेदनाशामकांच्या कॉम्बिनेशन गोळीतही बहुधा ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं, ते मोजलंच जात नाही. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी किडनीवर ताण येतो आणि सिकलसेलमध्ये किडनी आधीच नाजूक, म्हणून क्रिॲटिनिन (किडनीची रक्ततपासणी) तपासल्याशिवाय ती रोज घेऊ नयेत. बर्फ अजिबात लावू नका. थंडीने रक्तवाहिन्या आणखी आवळतात. उन्हाळ्यात कुलरच्या थेट झोतात झोपणंही याच कारणाने नको.

आईंना सांगा, क्रायसिसच्या चार-पाच दिवसांत डॉक्टरांनी दिलेलं ट्रॅमाडॉल ठरल्या डोसात घेणं म्हणजे व्यसन नव्हे. मात्र २०१८ पासून ते एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्याखाली आहे, चिठ्ठीशिवाय मागू नका. दारू किंवा झोपेच्या गोळीसोबत ते घातक ठरतं, आणि फिट्स येत असतील तर आधीच सांगायचं. खुब्यासाठी महिनोन्महिने तेच चालू असेल, तर मात्र थांबून विचार करायला हवा.

ताप १०१ च्या वर, छातीत दुखणं किंवा धाप, एका बाजूची ताकद जाणं, बोलणं अडखळणं : यातलं काहीही दिसलं तर घरी वाट पाहू नका. दोन तासांहून जास्त टिकणारी, दुखरी लिंगताठरताही याच यादीत आहे. बहिणीला सांगायला तो संकोचेल, तेव्हा हे उत्तर त्यालाच वाचायला द्या.

आता खुबा. सिकलसेलमध्ये मांडीच्या हाडाचा गोळा रक्ताअभावी मरू लागू शकतो. सुरुवातीला एक्स-रे नॉर्मल येतो, एमआरआयमध्ये कळतं. हाडांच्या डॉक्टरांना लवकर दाखवा. गोळा खचण्याआधी उपायांना वाव असतो. तोवर काठी उजव्या हातात धरायची, दुखऱ्या बाजूला नाही. हात सरळ सोडला की मूठ मनगटाच्या रेषेत यावी.

प्रमाणपत्राचंही घोडं याच खुब्यापाशी अडतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेल आहे. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं तर उच्च शिक्षणातल्या ५ टक्के जागांचा हक्क मिळतो. पण कलम ३४ मधल्या नोकरीच्या ४ टक्क्यांत रक्ताचे आजार नाहीत, अस्थिव्यंग आहे. हे बहुतेकांना फॉर्म भरताना कळतं. म्हणून सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा (दिव्यांग ओळखपत्राचा) अर्ज भरताना नुसतं सिकलसेल लिहून मोकळे होऊ नका. खुब्याचा एमआरआय, ऑर्थोची चिठ्ठी, सगळे केसपेपर जोडा आणि तपासणीच्या दिवशी मूळ प्रती न्या. बोर्ड सांध्याची हालचाल आणि स्नायूंची ताकद मोजतं, ‘खूप दुखतं’ एवढ्यावर टक्के पडत नाहीत. लंगडणं वाढवून दाखवू नये आणि लाजेने लपवूही नये. खुब्याची टक्केवारी वेगळी लिहिली आहे ना, ते तिथेच बघून घ्या. निकाल पटला नाही तर अपील करता येतं.

एक गोष्ट पत्रात नाही : त्याला हायड्रॉक्सीयुरिया चालू आहे का? ही वेदनेची गोळी नाही, दुखो न दुखो रोज घ्यायची असते. काही महिन्यांनी क्रायसिस कमी होतात, फक्त सीबीसी (रक्तपेशी मोजायची तपासणी) नियमित करावी लागते. चालू नसेल, तर पुढच्या ओपीडीला पहिला प्रश्न हाच विचारा.