परदेशातल्या वकिलातीतली पोस्टिंग संपवून सोलापूरला परतताना

घरी आल्याचा आनंद आणि पोटात खड्डा, दोन्ही एकदमच येतं. घाबरू नका. सुरुवातीला एवढंच बघा:

- डिप्लोमॅटिक पासपोर्ट जमा केल्याचा दाखला जपून ठेवा. साध्या पासपोर्टला तो लागतो.
- परदेश भत्ता थांबतो. पहिल्याच महिन्यात गाडी-फ्लॅट ठरवू नका.
- ११० व्होल्टचा मिक्सर तिकडेच देऊन टाका, इथल्या २३० वर थेट लावला की जळतो.

नेहमीची चूक म्हणजे मे महिन्यात उतरून लगेच भेटीगाठींना निघणं. ऊन चाळिशीपार, नळाला पाणी काही दिवसांआड. चिडचिड होते आणि खापर गावावर फुटतं. 'आमच्या तिकडे' हे शब्दही लवकर सोडा, नातेवाईक आठवडाभरच ऐकतात. मुलांना मात्र बोलू द्या. मित्र त्यांचे सुटलेत, आणि बदली त्यांनी मागितली नव्हती.