ब्रेसलेट तुटून परत येतात

प्रश्न : बालकर्करोग संशोधनाच्या निधीसाठी आमचा गट इलॅस्टिकमध्ये ओवलेली सोनेरी मण्यांची ब्रेसलेट विकतो. काही तुटून परत आली, काहींचा सोनेरी रंगच उडाला. काय चुकतंय?

उत्तर : तुटण्याचं मूळ बहुधा गाठीत असतं. ४ मिमीचे मणी असतील तर ०.७ किंवा ०.८ मिमी जाडीचं इलॅस्टिक घ्या आणि ओवण्याआधी दोन-तीनदा ताणून सोडा. हे टाळलं की ब्रेसलेट पुढे सैल पडतं आणि मण्यांमध्ये दोरी उघडी दिसते. १७ सेंमी घेराला साधारण ४२ मणी लागतात. साध्या गाठीत दोरी एकदा गुंडाळतो, इथे दोनदा गुंडाळून ओढा, त्यावर आणखी एक गाठ मारा. दागिन्यांसाठीच्या लवचिक गोंदाचा थेंब टाका, तो पूर्ण वाळला की मगच टोकं कापा. सुपरग्लू मात्र नको! त्याने इलॅस्टिक कडक होतं आणि गाठीशेजारीच तुटतं. मण्याच्या भोकाची कडा बोटाला खरखरीत लागली तर तो मणी बाजूला काढा. अशी कडा दोरी कापते.

रंगाचं म्हणाल, तर वरवर मुलामा दिलेले मणी घामाने उतरतात. सोनेरी फीत हे बालकर्करोगाचं चिन्ह, म्हणून तो रंग हवाच; पण काचेतच रंग असलेले मधाळ-पिवळे मणी घ्या, ते टिकतात. तीन वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, हे पाकिटावर ठळक छापा. शेजारीच दर ब्रेसलेटमागे नेमकी किती रक्कम संशोधनाला जाते, तेही लिहा. ‘काही भाग’ असं मोघम नको.