द्राक्षबागेत आलेल्या मजूर कुटुंबांच्या मुलांचे लसीकरण: आधी सोय, मग समजूत

दिंडोरीजवळच्या आपल्या बागेत छाटणीसाठी पेठ आणि सुरगाण्याकडून टोळ्या आल्या आहेत, त्यांच्यासोबत पाच वर्षांखालची बरीच मुले आहेत, आणि अंगणवाडीत लसीकरण असल्याचा निरोप देऊनही आया मुलांना घेऊन गेल्या नाहीत. अशा विरोध करणाऱ्यांची समजूत कशी घालावी, असे आपण विचारले आहे. आरोग्यसेविका म्हणून याच पट्ट्यातील उपकेंद्रांवर माझी नोकरी झाली असल्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

आपण ज्याला विरोध म्हणता, तो बहुतेक वेळा विरोध नसतो. छाटणीचे काम एकराच्या हिशेबाने उक्ते घेतलेले असते. एक बाई अर्धा दिवस बसली की तिच्या वाटणीचे काम टोळीवर पडते, आणि ते तिला चारचौघांत ऐकून घ्यावे लागते. लसीकरणाचे सत्र ज्या वेळात चालते, नेमक्या त्याच वेळात ती बागेत असते. शिवाय आपले नाव गावाकडच्या यादीत आहे, इथे कोणी विचारणार नाही, असा तिचा समज असतो. हा समज आधी दूर करा. राष्ट्रीय कार्यक्रमातील लस कोणत्याही सरकारी सत्रावर विनामूल्य मिळते आणि मूल दुसऱ्या तालुक्यातले आहे म्हणून त्याला परत पाठवले जात नाही.

म्हणून समजूत घालण्याची सुरुवात आईपासून करू नका, मुकादमापासून करा, आणि मालक या नात्याने त्याला स्पष्ट सांगा की लसीच्या दिवशी अर्ध्या दिवसाची मजुरी कापली जाणार नाही. त्यानंतर उपकेंद्राच्या सिस्टरांना आणि आशाताईंना भेटून शेडमधील मुलांची वयानुसार यादी द्या आणि दुपारच्या सुट्टीत बागेवरच सत्र घेता येईल का, ते विचारा. यादी हाती असली की त्यांचे काम किती सोपे होते, हे मी अनुभवाने सांगते. गोवर-रुबेलाची आणि क्षयरोगावरच्या बीसीजीची लस कोरड्या पावडरीच्या रूपात येते. तिच्यात द्रावक मिसळले की चार तासांच्या आत ती वापरावी लागते आणि उरलेली टाकून द्यावी लागते. एका कुपीत अनेक मुलांचे डोस असतात. मुले एकाच वेळी जमली तर लस वाया जात नाही आणि कोणालाही पुढच्या सत्राची तारीख देण्याची वेळ येत नाही.

पोलिओच्या वेळी आपण हेच केले होते. वीटभट्ट्या, ऊसतोडीचे तळ, एस.टी. स्थानके आणि रेल्वे फलाट, जिथे माणसे असतील तिथे डोस पोहोचवला गेला, आणि डोस घेतलेल्या मुलाच्या डाव्या करंगळीला शाई लावली गेली. नैसर्गिक पोलिओ विषाणूचा देशातील शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला आणि 27 मार्च 2014 रोजी भारतासह दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. केवळ भिंतीवरच्या घोषणांनी हे झाले नसते.

आता आयांशी काय बोलायचे ते सांगते. खरी भीती तापाची असते, आणि ती लपवण्याने वाढते. "काही होत नाही हो" असे सांगून टोचलेल्या मुलाला रात्री ताप भरला की त्या आईचा विश्वास जातो, आणि तिच्यासोबत अख्ख्या टोळीचा जातो. त्यापेक्षा आधीच सांगा: "ताई, आज रात्री बाळाचे अंग तापेल, मांडीवर गाठ येईल, ते रडेल. सिस्टरांनी दिलेले औषध सांगितले तेवढेच द्या, अंगावर पाजत राहा, टोचलेल्या जागी बाम किंवा तेल चोळू नका. दोन दिवसांत उतरले नाही तर मला बोलवा, मी गाडी काढते." शेवटचे वाक्य म्हणायचे असेल, तर गाडी खरोखर काढायची तयारी ठेवावी लागेल.

पंचगुणी लसीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब जंतूचा आजार यांवरची एकत्र लस) ताप त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी येतो. गोवर-रुबेलाचा मात्र साधारण आठवडाभराने येतो आणि कधी अंगावर बारीक पुरळही दिसते. तोपर्यंत टोळी दुसऱ्या बागेवर गेलेली असते, लसीची आठवण मागे पडलेली असते आणि लसीनेच गोवर निघाला, अशी बातमी पसरते. बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी फोड येऊन तो पिकतो. ते अपेक्षितच असते, त्यावर काही लावायचे नसते. या दोन गोष्टी सत्राच्या दिवशीच सांगितल्या पाहिजेत. टोचल्यानंतर अर्धा तास मुलाला तिथेच थांबवण्याचा आग्रहही धरा.

आजीशी बोलणे टाळू नका. गोवराला देवीचे येणे मानून औषध न देण्याची चाल अजून काही घरांत आहे. त्या श्रद्धेची टिंगल न करता एवढेच सांगावे की गोवरानंतर न्यूमोनिया होतो, हगवण लागते, अंगात अ जीवनसत्त्व कमी असलेल्या मुलाची दृष्टीही जाऊ शकते, आणि आधीच कुपोषित असलेले मूल त्यातून उठत नाही. ज्या आजीने हे डोळ्यांनी पाहिले आहे, तिला पुढचे काही सांगावे लागत नाही. बऱ्याचदा तीच सुनेला घेऊन येते. त्यांच्याच पाड्यावरची, त्यांच्या बोलीत बोलणारी एखादी बाई सोबत असेल तर फारच बरे.

मला सर्वांत जास्त काळजी गोवराचीच वाटते. लस न घेतलेल्या समाजात गोवराचा एक रुग्ण साधारण 12 ते 18 जणांना आजार देऊ शकतो, त्यामुळे शंभरातील किमान 95 मुलांना दोन्ही डोस मिळाले तरच त्याची साखळी तुटते. 2022 च्या अखेरीस मुंबईत उद्रेक झाला, तेव्हा आपल्या जिल्ह्यातील मालेगावातही रुग्ण आढळले होते. पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत असतो. म्हणजे नऊ महिन्यांखालच्या बाळाला स्वतःचे संरक्षण नसते, भोवतालच्या मुलांनी लस घेतलेली असणे हाच त्याचा आधार असतो. एका शेडमध्ये चार-पाच कुटुंबे राहतात, तिथे हे फार महत्त्वाचे आहे, आणि त्याच अंगणात आपल्या घरातील तान्हे बाळ खेळत असेल तर ते आपल्यालाही लागू आहे.

राहिला प्रश्न हरवलेल्या कार्डांचा. डाव्या दंडावर बीसीजीचा व्रण आहे का ते पाहावे, गावाकडच्या आशाताईंना फोन करून नोंद विचारावी. डोस चुकला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेले डोस पुढे देता येतात. गोवर-रुबेला पाच वर्षांपर्यंत आणि घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वातावरची त्रिगुणी लस सात वर्षांपर्यंत मिळू शकते. कोणत्या मुलाला नेमके काय द्यायचे, ते सिस्टरांना ठरवू द्या. आपण प्रत्येक कार्डाचा फोटो मुकादमाच्या मोबाईलवर आणि आपल्याही मोबाईलवर ठेवा, पुढच्या डोसची तारीख आईला तोंडी सांगा, आणि माल निघाल्यावर टोळी परतायला लागली की राहिलेल्या डोसांची यादी त्यांच्या गावच्या आशाताईंकडे पोहोचती करा.