हुप्प्या बदलला की काय होतं, आणि जोडीदाराच्या निवडीबद्दल आणखी काही प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांत आकर्षण, लग्न आणि वानर-माकडांचं वागणं यांवरचे प्रश्न बरेच होते. त्यातले पाच इथे घेतले आहेत.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. हॉस्टेलवर सगळे रील्स बघतात की मुलींना फक्त ‘अल्फा मेल’ आवडतो, माकडांतही तसंच असतं आणि बाकीचे नर एकटेच राहतात. मी स्वभावानं शांत आहे. हे शास्त्रीयदृष्ट्या खरं आहे का? (विद्यार्थी, पुणे)

उत्तर : टोळीतल्या पहिल्या क्रमांकाच्या नराला अल्फा म्हणतात, आणि बऱ्याच जातींत अशा नराला सरासरीनं जास्त पिल्लं होतात. एवढं खरं आहे. पण रील्स तिथेच थांबतात आणि पुढचं सगळं मनानं रचतात.

लांडग्यांबाबत हा शब्द लोकांच्या तोंडी बसवण्यात अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकाचा मोठा वाटा होता. पुढे त्यांनी स्वतःच तो वापरू नका म्हणून सांगितलं, कारण रानातली लांडग्यांची टोळी म्हणजे बहुतेकदा आईबाप आणि त्यांची पोरं असतात. चिंपांझींचं राजकारण फ्रान्स डे वाल यांनी नेदरलँड्समधल्या आर्नहेमच्या प्राणिसंग्रहालयात जवळून पाहिलं. तिथे गादी टिकायची ती मित्र जोडून, माद्यांचा पाठिंबा मिळवून आणि भांडणं सोडवून. नुसत्या दंडेलीवर कोणी फार दिवस वर राहिला नाही.

आता माद्यांच्या बाजूनं बघ. केनियातल्या बबून माकडांवर बार्बरा स्मट्स यांनी केलेलं काम १९८५ साली प्रसिद्ध झालं. बबून मादीचे एक-दोन नर ‘मित्र’ असतात. ते तिच्याजवळ बसतात, तिच्या अंगावरची घाण वेचतात, तिच्या पिल्लाला सांभाळतात, दुसरा कोणी अंगावर आला तर मध्ये पडतात. पुढे ती माजावर आली की या मित्रांना संधी मिळण्याची शक्यता वाढते. असे मित्र जास्त कुणाला असतात? टोळीत बरीच वर्षं काढलेल्या, वयानं मोठ्या नरांना. रवांडातल्या पर्वतीय गोरिलांच्या अभ्यासात २०१८ साली दिसलं की पिल्लांबरोबर सर्वांत जास्त वेळ घालवणाऱ्या नरांना, सर्वांत कमी वेळ घालवणाऱ्यांच्या मानानं पाचपटीहून जास्त संतती होती. आणि ही पिल्लं त्यांची स्वतःचीच असायची असंही नाही.

एक उदाहरण तर मला फार मोलाचं वाटतं. मसाई मारातल्या एका बबून टोळीतले सर्वांत भांडखोर नर पर्यटकांच्या लॉजच्या उकिरड्यावर मारामारी करून खायला जायचे. १९८० च्या दशकात तिथल्या दूषित मांसातून त्यांना क्षय झाला आणि ते मेले. मागे उरले ते मवाळ स्वभावाचे नर आणि माद्या. रॉबर्ट सापोल्स्की यांनी पुढे दहाएक वर्षांनी पाहिलं तेव्हा ते जुने नरही राहिले नव्हते, सगळे बाहेरून आलेले होते, तरी टोळीचं वागणं तसंच सौम्य होतं. नवीन आलेले नर तिथली रीत शिकत होते. बबूनसारख्या तापट प्राण्यांत जर रीत बदलते, तर हॉस्टेलवरही बदलू शकते. शांत स्वभाव हा दोष समजून तो घालवायच्या मागे लागू नकोस.

प्रश्न : माझं वय ३७. स्थळं बघताना प्रत्येक ठिकाणी वयावर अडतं. ‘पुरुषांना तरुण मुलगी आवडणं हा निसर्गच आहे,’ असं मध्यस्थ बाई तोंडावर सांगतात. खरंच का? (नोकरदार वाचक, नाशिक)

उत्तर : निसर्गाचं नाव घ्यायचंच तर चिंपांझीपासून सुरुवात करू, कारण तो आपल्या सर्वांत जवळच्या नातेवाइकांपैकी एक. युगांडातल्या किबाले जंगलात मार्टिन म्युलर आणि सहकाऱ्यांनी २००६ साली दाखवलं की चिंपांझी नरांना वयस्कर माद्या जास्त आवडतात. त्यांच्यासाठीच ते जास्त झगडतात. चिंपांझींत जोडी जमून राहत नाही, त्यामुळे मादीच्या पुढच्या वर्षांचा हिशेब नराला करावा लागत नाही. पिल्लं वाढवून दाखवलेली मादी त्याला बरी वाटते.

माणसात जोडी वर्षानुवर्षं टिकते आणि रजोनिवृत्ती असते, म्हणून कल वेगळा आहे. तो आहे हे मी नाकारणार नाही. डेव्हिड बस यांनी १९८९ मध्ये ३७ संस्कृतींतल्या दहा हजारांवर लोकांची पाहणी प्रसिद्ध केली, त्यात भारतही होता. पुरुषांचा कल वयानं लहान जोडीदाराकडे आणि स्त्रियांचा कमाईकडे, हे त्यात दिसलं. पण त्याच पाहणीत स्त्री-पुरुष दोघांनीही प्रेमळ स्वभाव आणि समंजसपणा, बुद्धी या गोष्टी वयाच्या आणि पैशाच्या वर ठेवल्या होत्या, ते कोणी सांगत नाही. नंतरच्या अभ्यासांत आणखी एक गोष्ट दिसली : ज्या समाजात स्त्रियांना बरोबरीचं स्थान आहे तिथे जोडप्यांतलं वयाचं अंतर कमी होतं. म्हणजे कलाला मुरड पडते. मध्यस्थ बाई ‘निसर्ग’ म्हणतात त्यातला मोठा भाग हा आपल्याकडच्या लग्नाच्या बाजाराचा आहे, आणि त्यात तुमचं काही उणं नाही.

प्रश्न : माझा आतेभाऊ तीन वर्षांचा असल्यापासून आमच्याच घरी वाढला. मी त्याच्याहून वर्षानं लहान. आता घरात ठरतंय की आमचं लग्न लावायचं, ‘मामाच्या मुलीवर पहिला हक्क’ म्हणून. मुलगा चांगला आहे, पण मला तो भाऊच वाटतो. माझंच काही चुकतंय का? (वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर : तुमचं काही चुकत नाही. उलट तुमचं मन जे सांगतंय ते फार जुनं आणि नीट अभ्यासलेलं आहे.

एडवर्ड वेस्टरमार्क या फिनिश अभ्यासकानं १८९१ मध्ये मांडलं की पहिली काही वर्षं एका घरात वाढलेल्या मुलांमध्ये मोठेपणी एकमेकांबद्दल शारीरिक ओढ सहसा निर्माण होत नाही. रक्ताचं नातं असो वा नसो. इस्राएलमधल्या किबुत्झ वसाहतींत एका वयाची मुलं पाळणाघरात रात्रंदिवस एकत्र वाढायची. त्यांच्यावर लग्नाची कसलीही बंदी नव्हती, आईबापांना तर अशी लग्नं आवडलीही असती. जोसेफ शेफर यांनी तिथल्या २,७६९ विवाहांची नोंद तपासली, तर एकाच गटात वाढलेल्यांचे विवाह जेमतेम १४ निघाले. तैवानमध्ये पूर्वी होणाऱ्या सुनेला तान्हेपणीच सासरी आणून मुलाबरोबर वाढवायची पद्धत होती. आर्थर वूल्फ यांनी अशा जोडप्यांचा माग काढला. त्यांना मुलं कमी होती आणि घटस्फोट जास्त.

माकडांत हाच पेच निराळ्या तऱ्हेनं सुटतो. लाल तोंडाच्या माकडांचे नर वयात आले की जन्मटोळी सोडतात, चिंपांझींत बहुतेक ठिकाणी माद्या जातात. दोन्हीकडे बरोबर वाढलेले भाऊबहीण दूर होतात.

मग आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्नं कशी होत आली? इरावती कर्वे यांनी भारतातल्या नातेव्यवस्थेवरच्या १९५३ च्या ग्रंथात दाखवलं आहे की महाराष्ट्रातल्या अनेक जातींत मामाची मुलगी चालते, आत्याची चालत नाही. पण मामाची मुलगी वाढते मामाच्या गावी. भेट व्हायची सुट्टीत, लग्नकार्यात. ती घरातली नसते, म्हणून ती चालत आली. तुमच्या घरी नातं तेच राहिलं, पण वाढणं एका ताटातलं झालं. हे घरच्यांना याच शब्दांत सांगा. जमत नसेल तर ज्या आत्याचा तो मुलगा, तिच्याशी आधी बोला. त्या मुलालाही विचारा. त्यालाही बहुधा हेच वाटत असेल आणि तोही गप्प असेल. आते-मामे भावंडांच्या लग्नात मुलांना आनुवंशिक आजार होण्याचा धोका काहीसा वाढतो, हेही घरात बोलून ठेवायला हरकत नाही.

प्रश्न : ‘फेरोमोन’ असलेलं अत्तर लावलं की समोरची व्यक्ती ओढली जाते, असं जाहिरातीत म्हणतात. घ्यावं का? (वाचक, ठाणे)

उत्तर : नको. माणसात असा परिणाम करणारं एकही द्रव्य अजून सिद्ध झालेलं नाही. काही बाटल्यांत घालतात ती द्रव्यं रानडुकरांत आणि पाळीव डुकरांत खरोखर काम करतात, माजावरची डुकरीण नराच्या अंगच्या या द्रव्यांच्या वासानं स्थिर उभी राहते. माणसात असे संदेश टिपणारं नाकातलं इंद्रिय मोठेपणी कामाचं उरलेलं नसतं.

वासाला काहीच अर्थ नाही असं मात्र नव्हे. क्लाउस वेडेकिंड यांनी १९९५ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये पुरुषांना दोन रात्री एकच टी-शर्ट घालायला लावला आणि तो स्त्रियांना हुंगायला दिला. प्रतिकारशक्तीची जनुकं आपल्यापेक्षा वेगळी असलेल्यांचा वास त्यांना जास्त आवडला, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत नेमकं उलट दिसलं. पुढच्या प्रयोगांत निष्कर्ष कधी जुळले, कधी नाही. जे काही आहे ते तुमच्या अंगाच्या वासात आहे, बाटलीत नाही.

प्रश्न : आमच्या शिवारात वानरांची टोळी पिढ्यान्‌पिढ्या आहे. मागच्या महिन्यात बाहेरच्या नरानं जुन्या हुप्प्याला हाकललं आणि आठवड्यात दोन पिल्लं मारली. आता माद्या त्याच्याच जवळ बसतात. गावात म्हणतात तो पिसाळलाय, त्याला धरून न्यायला सांगू. त्या आयांना काहीच वाटत नाही का? (शेतकरी, अमरावती जिल्हा)

उत्तर : तो पिसाळलेला नाही. हे वागणं सगळ्यात आधी नोंदलं गेलं ते धारवाडजवळ, युकिमारू सुगियामा या जपानी अभ्यासकाकडून, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला. मग एस. एम. मोहनोत यांनी जोधपूरला तेच पाहिलं. गर्दीमुळे बिघडलेलं वर्तन, असं तेव्हा अनेकांना वाटलं. सारा हर्डी यांनी अबूच्या डोंगरावर १९७० च्या दशकात वेगळा हिशेब मांडला. नव्या नराला टोळीत मिळतात साधारण दोन-सव्वादोन वर्षं. अंगावर पिल्लू पीत असेतो मादी माजावर येत नाही. आधीच्या नराचं पिल्लू गेलं की ती लवकर येते, आणि सुमारे साडेसहा महिन्यांच्या गर्भारपणानंतर त्याचं स्वतःचं पिल्लू जन्मतं. पुढे नेपाळमधल्या रामनगरच्या वानरांची डीएनए तपासणी झाली. १९९९ च्या त्या निष्कर्षांत मारणारा एकही नर मेलेल्या पिल्लाचा बाप नव्हता.

आता आयांबद्दल. त्या नराच्या अंगावर धावून जातात, आणि एकट्या जात नाहीत. अबूला सोल नावाची म्हातारी वानरीण होती. तिच्या अंगावर स्वतःचं पिल्लू नव्हतं, तरी दुसरीचं पिल्लू वाचवायला ती तरण्याताठ्या नराशी पुन्हा पुन्हा भिडली. पण नर अंगानं मोठा, दिवसभर टपून बसलेला. एखादी नजरचूक पुरते. पिल्लू गेल्यावर मादीपुढे दुसरा नर नसतो, आणि पुढचं पिल्लू वाचवायचं तर याच्याशी जमवून घेणं भाग असतं. आधीच गाभण असलेल्या माद्यासुद्धा नव्या नरापुढे मान हलवून माजाची खूण करतात, संधी मिळाली तर बाहेरच्या नरांशीही जुगतात. पिल्लू कुणाचं हे कुणालाच ठाम कळू नये, म्हणजे कुणी त्याला मारायला धजणार नाही, असा हर्डी यांनी त्याचा अर्थ लावला. मला तो पटतो. त्या तुम्हाला निमूट दिसतात, पण जे हातात आहे ते सगळं त्या करत असतात.

नराला धरून नेण्याचा विचार मात्र सोडून द्या. सुगियामा यांनी धारवाडला एका टोळीतला एकुलता नर मुद्दाम काढून पाहिला होता. शेजारचा नर आत आला आणि त्यानं टोळीतली पिल्लं मारली. तुमच्या टोळीचा हुप्प्या नेलात तर हेच चक्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल. परवानगीशिवाय वानर पकडणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे गुन्हाही आहे. तो स्थिरावेपर्यंतचे काही महिने टोळीच्या मागे कुत्री सोडू नका, फटाके लावू नका. धावपळीत पिल्लं आयांपासून सुटतात. जखमी वानर दिसलं तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. पिल्लू जखमी असूनही आईच्या पोटाशी असेल, तर ते तिच्याकडून काढून घेऊ नका.